मांस 'सील' करणं, डाळीतलं मीठ, बॉम्बे डक: जुन्या पाककला-लेखनातल्या चुका तपासायच्या कशा?

चुलीपाशी

स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी मराठीत एक छोटी पुस्तिका तयार करते आहे. कृती नाहीत, फक्त कारणं: आधी काय घालायचं, नंतर काय, आणि तसं का. त्यासाठी जुनी इंग्रजी आणि मराठी पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, तर काही विधानं जवळजवळ त्याच शब्दांत सगळीकडे सापडतात.

१. मांस आधी मोठ्या आचेवर परतलं की बाहेर कवच धरतं आणि रस आत कोंडला जातो.
२. डाळ-कडधान्यात मीठ आधी घातलं तर ते शिजत नाही.
३. पालकात लोह भरपूर. (आता याच्या जोडीला 'ती दशांशचिन्हाची चूक होती' हेही येतं.)
४. विंदालूत 'आलू' असतो, म्हणून बटाटा हवाच.
५. बोंबलाला बॉम्बे डक म्हणतात ते डाकगाडीवरून.
६. शेवया-नूडल्स मार्को पोलोने चीनहून इटलीत नेल्या.

यातलं काय काढून टाकू, काय दुरुस्त करून ठेवू? शिवाय जुन्या मराठी कृतींतल्या 'शेर'चे ग्रॅम करताना आकडे अजिबात जुळत नाहीत, त्याचं काय करायचं? दहा पुस्तकांत एकच गोष्ट असेल तर ती खरी धरावी का, हा माझा मूळ प्रश्न.

ताजवा

नाही धरायची. दहावं पुस्तक नवव्यावरून उतरवलेलं असेल तर पुरावा एकच उरतो. तुमचं पहिलं विधान याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, कारण ते कुठून निघालं आणि कसं पसरलं हे नीट दाखवता येतं.

युस्टुस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. अन्नाच्या रसायनशास्त्रावरचं त्याचं पुस्तक १८४७ सालचं. मांसाचं पोषण मुख्यतः त्यातल्या विरघळलेल्या रसात असतं, तेव्हा तो बाहेर जाऊ देता कामा नये, असं त्याचं म्हणणं. उपाय असा: मांस खळखळत्या पाण्यात टाकायचं, काही मिनिटं उकळू द्यायचं, म्हणजे बाहेरचं प्रथिन गोठून कवच होईल, मग गार पाणी ओतून तापमान ७० ते ७४ अंश सेल्सिअसवर आणायचं. नाव मोठं असल्यामुळे स्वयंपाकाच्या पुस्तकांनी ते लगेच उचललं. एलायझा ॲक्टन या इंग्रज पाककला-लेखिकेने १८४५ च्या आपल्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती १८५५ ला काढली, तिच्या मुखपृष्ठावरच लीबिगची तत्त्वं वापरल्याचं सांगितलं आहे. पुढे एस्कोफिए या नामवंत फ्रेंच आचाऱ्याच्या १९०३ च्या ग्रंथात भाजण्याच्या क्रियेला हेच स्पष्टीकरण आलं. तिथून ते हॉटेलांच्या भटारखान्यांत आणि जगभरच्या शिकवणीत गेलं. १९३० च्या दशकात वजन करून प्रयोग झाले तेव्हा आधी भाजलेल्या मांसाची घट कमी नव्हती, उलट बऱ्याचदा जास्तच होती. स्वयंपाकामागच्या विज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक हॅरल्ड मॅकगी यांनी १९८४ मध्ये हे सगळं एकत्र मांडलं, तरी वाक्य अजून छापलं जातंच आहे.

खरं तर तव्यावरच कान द्या. चर्र आवाज येतो तो मांसातलं पाणी बाहेर पडून त्याची वाफ होण्याचा. कवच पाणी अडवत असतं तर तो आवाज काही सेकंदांत थांबायला हवा होता.

रस जातो तो वेगळ्या कारणाने. साधारण ५० अंशांपासून स्नायूंमधली प्रथिनं गोठायला लागतात. ६० ते ६५ च्या आसपास तंतूंभोवतीचं कोलॅजन (त्यांना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन) आकसतं आणि ओला पंचा पिळावा तसं पाणी बाहेर काढतं. म्हणजे घट ठरते ती मांस आतून किती तापलं यावर. बाहेर काय केलं याचा त्यात फारसा हात नाही.

पुस्तिकेत प्रयोगच द्या. एकाच कोंबडीच्या छातीचे डावा-उजवा असे दोन तुकडे घ्या, म्हणजे जात, वय, जाडी सारखी. १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर दोन्ही तोला. एक तुकडा गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी २-२ मिनिटं भाजून मग १५० अंशांच्या ओव्हनमध्ये, दुसरा थेट ओव्हनमध्ये. दोन्ही मध्यभागी ७४ अंश झाल्यावरच काढायचे, वेळ बघून नव्हे. १० मिनिटं ठेवा, कागदाने टिपा, परत तोला.

बिघडतं ते इथे: एक तुकडा ७४ ला आणि दुसरा ८० ला काढला तर त्या सहा अंशांचा फरक भाजण्याच्या फरकाला गिळून टाकतो. सळई हाडाला लागली तरी आकडा चुकतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा, पण पुण्यात तो ९८ च्या आसपास थांबेल, मुंबईत १००. पुण्यातल्या मुलांना वाटायला नको की यंत्र बिघडलं. आणि एका जोडीवर निष्कर्ष काढू नका, चार जोड्या तरी करा.

परतायचं मात्र सोडू नका! १४० अंशांच्या पुढे पृष्ठभागावर जी तपकिरी रंगाची आणि खमंग वासाची प्रक्रिया होते ती माइयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. ती हवी असेल तर मांस फडक्याने कोरडं करा आणि पातेल्यात गर्दी करू नका. किलोभर मटण एकदम टाकलं की पाणी सुटतं, तापमान १०० वर अडकतं, मटण स्वतःच्याच पाण्यात उकडतं आणि रंग येत नाही. दोन-तीन घाण्यांत परता. क्रिया जुन्या पुस्तकांतली बरोबर होती, कारण चुकीचं होतं.

हिंगजिरे

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मिठाचं मात्र उलटं आहे, तिथे नियम अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे, म्हणून अख्खा काढू नका.

कडधान्याच्या सालीत पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमने ते घट्ट बांधलेलं असतं. भिजवायच्या पाण्यात मीठ असेल तर सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ होते, दाणा फुटतही कमी. प्रमाण: १ लिटर पाण्याला १५ ग्रॅम मीठ, रात्रभर, सकाळी ते पाणी ओतून साध्या पाण्यात शिजवा. राजमा, छोले, पावटे यांत फरक बोटांना कळतो. न भिजवता थेट मिठाच्या पाण्यात टाकलं तर दाणा पाणी थोडं हळू घेतो. जुन्या नियमाला जो काही आधार आहे तो एवढाच. सालं काढलेल्या तूरडाळीला कुकरमध्ये मीठ आधी की नंतर याने काही बिघडत नाही.

शिजणं खरंच अडवतं ते आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक. आम्लात पेशीभित्तिका विरघळत नाहीत, डाळ टचटचीत राहते. म्हणून 'चिंच-गूळ डाळ शिजल्यावर' हा आमटीचा नियम शंभर टक्के बरोबर आहे आणि तो मिठाच्या नियमात मिसळून गेलाय, असं मला वाटतं. दुसरं कारण जड पाणी. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम साल आणखी घट्ट करतं, त्याच हरभऱ्याला नळाच्या पाण्यात दोन शिट्ट्या कमी लागतात. तिसरं, जुना माल. उष्ण-दमट कोठीत दोन पावसाळे काढलेला वाटाणा तासभर शिजवूनही गोटाच राहू शकतो, तिथे दोष मिठाला देऊन उपयोग नाही.

सोड्याने लवकर शिजतं हे खरं, पण चिमूटभरच. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि ब-१ जीवनसत्त्व जातं.

आता याच रसायनावर तुमचा चौथा मुद्दा सुटतो. विंदालूत व्हिनेगर असतं. बटाट्याच्या २ सेंटीमीटरच्या फोडी करा, निम्म्या अर्धा लिटर साध्या पाण्यात, निम्म्या अर्धा लिटर पाण्यात २ मोठे चमचे (३० मिली) व्हिनेगर घालून उकळा. साध्या पाण्यातल्या सुरी घालताच फुटतील तेव्हा दुसऱ्या अजून कडा धरून असतील. म्हणजे बटाटा कच्चा असताना विंदालूत टाकला तर मटण गळून जाईल आणि बटाटा दातांखाली कटकन वाजेल. ज्या पदार्थात मुळात बटाटा नाही त्यात तो घालायचाच असेल तर वेगळा उकडूनच घालावा लागतो.

जुनीवही

विंदालूचा नावाच्या बाजूनेही निकाल लागतो. पोर्तुगिजांचा पदार्थ 'कार्ने द विन्या द'आल्यूश': वाइन आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. 'आल्यू' म्हणजे लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं, मिरची आली, डुकराचं मांस राहिलं. हिंदीतला 'आलू' कानाला लागल्यावर पुढे बटाटा घुसला. मराठी-कोंकणी वाचकाला तर हे एका वाक्यात पटेल: गोव्यात बटाट्याला बटाटाच म्हणतात, आणि तो शब्दही पोर्तुगीजच. गोंयकाराने आपल्या पदार्थाला 'आलू' हे नाव कशाला दिलं असतं?

कृती देणार असाल तर मुरवायचं भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं लिहा. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळेत व्हिनेगर रात्रभर ठेवायचं नाही.

बॉम्बे डक. गोष्ट अशी सांगतात की सुके बोंबील डाकगाडीने जायचे, त्या गाडीला वास यायचा, 'बॉम्बे डाक'चं डक झालं. तारखा लावून पाहा. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३. आणि 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना 'डक्स' म्हणत अशी नोंद आहे. कोशकारांच्या मते ते टोपणनाव या माशाच्या नावावरूनच पडलं, आणि त्याला दाखला आहे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८०३ सालच्या लिखाणाचा. रेल्वेच्या आधी पन्नास वर्षं. तेव्हा आगगाडीची गोष्ट पुस्तिकेतून काढाच. 'डक' नेमकं का, याच्या जागी दुसरी गोष्ट बसवायची गरज नाही, 'बोंबील' या नावाचंच 'बमेलो' इंग्रजीत गेलं एवढं लिहिलं तरी पुरे.

तारीख लावून पाहणं ही युक्ती सगळीकडे चालते. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. अल-इद्रिसी या भूगोलकाराने सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबियात शेवया करून जहाजांनी परगावी पाठवतात असं लिहिलंय ११५४ मध्ये. १२७९ च्या जेनोव्हातल्या एका मालमत्तेच्या यादीत मॅकरोनीने भरलेली टोपली नोंदलेली आहे. पोलो तेव्हा घरी आलेलाच नव्हता. ही कथा गाजली ती अमेरिकेतल्या शेवया-उत्पादकांच्या 'मॅकरोनी जर्नल' या मासिकातून, १९२९ मध्ये.

अवतरणांनाही तोच न्याय लावा. 'आधी ससा पकडा' हे वाक्य हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ च्या पाककला-पुस्तकातलं म्हणून सर्रास दिलं जातं. पुस्तकात आहे ते 'सोललेला ससा घ्या' अशा अर्थाचं. कातडी काढण्याचा जुना इंग्रजी शब्द पुढच्यांना कळेनासा झाला आणि विनोद पक्का बसला.

आपल्याकडच्या दोन गोष्टीही यादीत घ्या. 'पायाने तुडवतात म्हणून पाव': चूक. पाव पोर्तुगीज आहे, बटाटा, काजू, अननस, कोबी, चावी, बादली यांच्याच पंगतीतला. आणि 'संभाजीराजांच्या नावावरून सांबार'. तंजावरच्या मराठी दरबाराची ही कथा आपल्याला मनापासून आवडते, मलाही आवडते, पण नाव जुळलं म्हणजे पुरावा झाला असं नाही. संस्कृतात 'संभार' म्हणजे साहित्य, जमवलेली सामग्री, आणि विदर्भात आजही सांबार म्हणजे कोथिंबीर. 'अशी आख्यायिका आहे' एवढंच लिहा.

शेवगा

पालकाचं जपून लिहा, कारण तिथे चूक दुरुस्त करणारेच चुकले आहेत.

प्रचलित दुरुस्ती अशी: जुन्या जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह एक घर सरकलं, लोह दहापट छापलं गेलं आणि त्यावरून चित्रमालिकेतला पोपाय खलाशी पालक खायला लागला. ही गोष्ट मुख्यतः पसरली ती १९८१ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखामुळे. त्या लेखात या दाव्याला संदर्भ दिलेला नव्हता. २०१० मध्ये माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञाने मूळ कागदांपर्यंत जाऊन शोध घेतला, तर दशांशचिन्हाच्या चुकीला आधार सापडला नाही. पोपायचंही तसंच: १९३२ च्या चित्रमालिकेत तो पालक खातो ते 'अ' जीवनसत्त्वासाठी, लोहाचं नाव नाही.

दहापट फरक येतो कसा, हे मात्र शिकवण्यासारखं आहे. ताज्या पालकात ९० टक्क्यांहून जास्त पाणी. १०० ग्रॅम ताज्या पालकात लोह साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम. तोच वाळवून १०० ग्रॅम पूड घेतली तर आकडा दहापटीच्या घरात जातो, कुणीही काहीही चुकीचं न मोजता. म्हणून कोणत्याही कोष्टकात आधी बघायचं: ताजं, वाळलेलं की शिजवलेलं? मेथी-कसुरी मेथी, ओलं-सुकं खोबरं, जवळा-सुका जवळा, सगळीकडे हाच घोळ होतो. भारतीय आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टकं वापरा, आणि आकड्यासोबत नमुन्याची अवस्था लिहायला विसरू नका.

शिवाय पालकातलं लोह शरीराला सहज मिळत नाही. वरून लिंबू पिळलं तर 'क' जीवनसत्त्वामुळे शोषण सुधारतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर घटतं. शिकणाऱ्यांना दशांशचिन्हाच्या गोष्टीपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

ताजवा

शेराचं राहिलं. इथे लेखक चुकलेला नसतो, ग्रॅम करणारा चुकतो. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. जुन्या मुंबईच्या मापात ४० शेरांचा मण २८ पौंडांचा, म्हणजे शेर साधारण ३१८ ग्रॅम. जवळजवळ तिप्पट फरक. त्यात धान्य मापायचा शेर हे आकारमान, पायलीचा चौथा हिस्सा, त्याचं वजन दाण्यागणिक बदलणार.

कृतीतलं सगळं शेर-पावशेरात असेल तर काळजी नको, प्रमाण टिकतं. अडचण होते ती शेर आणि तोळे एकत्र आले की. समजा लोणच्यात १ शेर कैरी आणि २० तोळे मीठ लिहिलंय. तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे मीठ २३३ ग्रॅम. पक्क्या शेराने ते कैरीच्या २५ टक्के येतं: खारट, पण वर्षभर टिकणाऱ्या लोणच्याला शोभणारं. मुंबईच्या शेराने ७३ टक्के! असं लोणचं कुणी घालत नाही. शेर पक्का, हे कृतीनेच सांगितलं. मीठ, गूळ-साखरेचा पाक, भाताचं पाणी, यांची प्रमाणं फार हलू शकत नाहीत, त्यामुळे ती साक्षीला धरायची.

इंग्रजी पुस्तकांतही हीच गोम आहे. ब्रिटनचा पिंट १८२४ च्या कायद्यानंतर ५६८ मिली, अमेरिकेचा अजूनही ४७३. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिली, बाकीच्यांचा १५. पुस्तक कुठल्या देशाचं आणि आवृत्ती कुठल्या सालची हे पाहिल्याशिवाय एकही आकडा बदलू नका.

चुलीपाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. विधान ६ काढलं, ५ मध्ये फक्त बमेलो ठेवला, ४ मध्ये बटाट्याचा प्रयोग घेतला. मीठ आणि आंबट यांचे दोन वेगळे परिच्छेद केले. मांसाचं वाक्य असं केलंय, बघाल का: "मटण मोठ्या आचेवर थोडं थोडं परतून घ्यावं, त्यामुळे रंग आणि खमंगपणा येतो आणि मटण रसाळ राहतं."

ताजवा

शेवटचे चार शब्द काढा, कोंडलेला रस तिथून परत आत येतोय. रश्शातलं मटण मऊ लागतं ते कोलॅजनचं जिलेटिन झाल्यामुळे, आणि त्याला ७० अंशांच्या वर बराच वेळ लागतो. असं लिहा: "रंग आणि खमंगपणा येतो. मऊपणा मंद आचेवर झाकून शिजवल्याने येतो, पातेल्यात साधारण दीड ते दोन तास."

हिंगजिरे

आणि त्यातच जोडा: दही किंवा टोमॅटो मटणाला चालतो, पण त्याच पातेल्यात हरभऱ्याची डाळ घालणार असाल तर ती आधी वेगळी शिजवून.